स्टेअरिंगचा रॅक बदलायला सांगितलाय? आधी कट्ट्याच्या मेस्त्रींना गाडी दाखवा

काम पक्कं, दर वाजवी, बोलणं सरळ. फोन मात्र उचलत नाहीत, बसायला फणसाखाली एक फळी आहे, आणि पावसाळ्यात सकाळी लवकर गेलात तर आधी खड्ड्यातलं पाणी उपसून होईपर्यंत थांबावं लागतं. एवढं चालणार असेल तर पुढे वाचा.

कसालहून मालवणला येताना कट्टा बाजाराच्या थोडं अलीकडे हे गॅरेज आहे. बोर्ड होता तो एका पावसात उडाला, परत लावलेला नाही. चिऱ्याच्या दोन भिंती, वर सिमेंटचे पत्रे आणि बाहेर कायमची उभी असलेली बिनचाकांची जीप, हीच खूण. नाव-नंबर लिहू का विचारलं तर मेस्त्री म्हणाले, “नको वैनीनू. आता येतत तितके पुरे.” म्हणून लिहीत नाही.

माझी गाडी 2013ची वॅगनआर. घरचा धंदा आहे, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि सिझनला काजूगर. मागची सीट पाडून त्यात क्रेट भरायचे आणि मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, कणकवलीच्या दुकानांना माल द्यायचा. गाडी चालवते मीच. लाखावर किलोमीटर झालेत, आणि त्यातले बरेचसे चिरेखाणींच्या डंपरनी उखडलेल्या आतल्या रस्त्यांवरचे. तेव्हा सुटे भाग झिजले यात गाडीला बोल लावायचं काहीच कारण नाही.

त्रास असा होता. वीस-तीसच्या वेगात खराब रस्ता लागला की पुढून खट् खट् आवाज, आणि तो नुसता कानाला नाही, स्टेअरिंग धरलेल्या तळहाताला जाणवायचा. स्टेअरिंग दोन बोटं मोकळं फिरायचं आणि मग कुठे चाक वळायचं. हायवेला, कुडाळ ते कणकवली जिथे रस्ता सपाट आहे तिथे, गाडी सरळ राहायची नाही. सारखी बारीक बारीक दुरुस्ती करत राहावी लागायची, तासाभराने खांदे भरून यायचे. डाव्या पुढच्या टायरवरून हात फिरवला तर बाहेरून आत गुळगुळीत लागायचा आणि आतून बाहेर बोटांना धार लागायची. टायर असा एका अंगाने खवल्याखवल्यांनी झिजायला लागला की चाकं समांतर धावत नाहीत, फरफटतायत, हे समजावं. नुसती हवा बघून भागत नाही, टायरवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवायचा. फुकटचं काम आहे, महिन्यातून एकदा करा.

आधी मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले होते. कुठल्या ते सांगत नाही. एसीत बसवलं, चहा दिला, आणि अर्ध्या तासाने छापील अंदाजपत्रक हातात दिलं. स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दात्यांचा दांडा) पूर्ण, दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे हात), वर अलाइनमेंट (चाकं सरळ जुळवणं). आकडा तीस हजारांच्या घरात. गाडी लिफ्टवर चढवलीसुद्धा नव्हती, काचेतून मला दिसत होती, जिथे लावली तिथेच उभी. मग ओळखीच्या एकाने दुसरं टोक दाखवलं. म्हणाला, रॅकच्या खाली एक बोल्ट असतो, तो पाव आटा आवळला की ढिलाई जाते, दोनशे रुपयांत काम. तीस हजार आणि दोनशे. दोघांपैकी एकानेही गाडीखाली वाकून बघितलं नव्हतं.

मेस्त्रींकडे गेले तेव्हा मी क्रेट उतरवायला लागले, तर म्हणाले राहू देत. “भरल्या गाडीत आवाज येता मां? मग भरलीच बगूया.” स्वतः चालवायला बसले, मला शेजारी बसवलं, काचा खाली, गाणी बंद. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला गाडी घातली आणि एकच प्रश्न विचारला, “आवाज हाताक लागता काय पायाक?”

हा प्रश्न मला फार आवडला. तोपर्यंत मी सगळ्यांना ‘पुढून आवाज येतो’ एवढंच सांगत होते. लक्ष देऊन बसल्यावर कळलं की आवाज दोन आहेत. एक हाताला लागणारा, मोठा खड्डा गेला किंवा हळू वळण घेतलं की येणारा. दुसरा पायाखालच्या पत्र्यातून येणारा, बारीक खडबडीत रस्त्यावर सतत कडकडणारा. मेस्त्रींचा हिशोब साधा आहे. हाताला लागतो तो बहुतेक स्टेअरिंगचा, पायाला लागतो तो बहुतेक सस्पेन्शनचा. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांचाच.

परत आल्यावर गाडी खड्ड्यावर घेतली. लिफ्ट नाही, चिऱ्याने बांधलेला खड्डा आहे. गाडी जॅकवर न घेता चाकं जमिनीवर ठेवूनच पहिली तपासणी केली, इंजिन चालू. मला आत बसवून स्टेअरिंग तीन-चार इंच डावी-उजवीकडे हलवायला लावलं, सावकाश, न थांबता. वॅगनआरला इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे, मोटर वर कॉलमवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावर असते, खाली रॅक साधा दात्यांचाच. इंजिन चालू ठेवलं की चाकांवर वजन असूनही स्टेअरिंग हलकं फिरतं, आणि वजन असतं म्हणूनच झिजलेला सांधा उघडा पडतो. गाडी उचलून चाक लोंबकळत ठेवलं की तोच सांधा शहाण्यासारखा गप्प बसतो.

दोन मिनिटांनी मला खाली बोलावलं, गॅरेजातला पोरगा माझ्या जागी बसला. “हय हात लावन बगा.” डाव्या चाकाच्या आत, जिथे टाय रॉडचा (रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा) एंड चाकाच्या नकलला (चाकामागचा, चाकासोबत वळणारा तुकडा) जोडलेला असतो, त्या सांध्यावर माझी बोटं ठेवली. पोराने स्टेअरिंग हलवलं की रॉड आधी हलत होता, बोटांना बारीक टक् लागत होतं, आणि मग नकल हलत होता. अडकित्त्याची खीळ ढिली झाली की मूठ आधी फिरते आणि पातं मागून येतं, नेमकं तसं. उजव्या बाजूला हात लावला तर तिथे रॉड आणि नकल जवळजवळ एकदमच हलत होते. माझ्या हाताला तो फरक कळला म्हटल्यावर पुढे मला कुणी काही पटवून द्यायची गरज उरली नाही.

डावीकडचाच का गेला, हेही त्यांनीच सांगितलं. आपले रस्ते अरुंद. समोरून एसटी किंवा डंपर आला की आपण डावं चाक साइडपट्टीवरून खाली उतरवतो आणि पुन्हा वर चढवतो. ती कड चढताना जो फटका बसतो तो डाव्या एंडला आणि डाव्या रॅक एंडला, म्हणजे रॉडच्या आतल्या टोकाच्या सांध्याला. उजवं चाक बिचारं डांबरावरच राहतं. दिवसातून कितीदा आपण साइड देतो ते मोजा म्हणजे समजेल. त्यात एंडचं रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचं आवरण, फाटलेलं होतं. आतल्या ग्रीसमध्ये जांभ्याची तांबडी माती मिसळून लगदा झाला होता. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर किनाऱ्याची खारी हवा. बूट फाटल्यावर आतला बॉल किती टिकणार?

मग गाडी जॅकवर घेतली, खाली घोडे (टेकू) लावले, आणि चाक धरून हलवायची तपासणी. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं तर ढिलाई. ती टाय रॉड आणि रॅकची. बारा आणि सहाच्या जागी धरूनही थोडं हललं. ते बघून मी घाबरले, मनात पुन्हा तीस हजार आले. पण मेस्त्रींनी पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ढिलाई तशीच राहिली तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट, नाहीशी झाली तर चाकाचं बेअरिंग, कारण ब्रेक दाबला की हब (चाक बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल एकमेकांना घट्ट धरले जातात. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली. म्हणजे बेअरिंग, आणि तेही अगदी थोडं. “ह्यां आज नको. घुमाक लागलां काय येवा.” अंदाजपत्रकातले दोन्ही लोअर आर्म तिथल्या तिथे बाद.

पायाला लागणाऱ्या आवाजासाठी त्यांनी केलेली युक्ती तर कुणीही लक्षात ठेवावी. उजव्या बाजूची स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंक सोडली, तारेने बाजूला बांधली, आणि तशीच गाडी बाहेरच्या खडबडीत तुकड्यावर हळू नेऊन आणली. कडकड गायब. लिंक लावली, पुन्हा तीच फेरी, कडकड हजर. चारशे-साडेचारशे रुपयांच्या लिंकचा आवाज, त्यासाठी दोन शॉकअप बदलायचे होते म्हणे. शॉकअप तपासले, तेल गळत नव्हतं.

आता रॅक. डाव्या बाजूचं रॅकचं बूट, ते घड्या घड्यांचं रबर, त्याची क्लिप सुटलेली होती. बूट मागे सारल्यावर आतून तांबडं पाणी आलं, चमचाभर असेल. रॅकच्या दांड्यावर गंजाची पातळ साय धरली होती. आतला बॉल, म्हणजे रॅक एंड, तोही ढिला झालेला. बूट वरून दाबून धरून चाक हलवलं तर आतला ठोका हाताला लागतो. मेस्त्रींनी दांडा आत-बाहेर नव्हे, वर-खाली हलवून पाहिला. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे, म्हणजे पिनियन (रॅकच्या दात्यांत फिरणारं छोटं चक्र) उजवीकडे, आणि डाव्या टोकाला रॅक नुसत्या बुशवर (आतलं गोल अस्तर) टेकलेला असतो. ते बुश गेलं की दांडा वर-खाली नाचतो आणि मग मात्र रॅकचं काम काढावं लागतं. इथे किंचित हलत होता. त्यांचा निकाल असा, “रॅक बरो आसा. कशाक बदलतास? पाणी गेलां हा आत, ता खरां. पण दोन पावसाळे काढतलो, मगे बगूया.”

तो बोल्ट आवळायचा दोनशे रुपयांचा उपाय मी विचारलाच. हसले. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे मधले दाते सगळ्यात जास्त झिजतात, टोकाचे जवळजवळ नवे राहतात. मधली ढिलाई जाईल इतका बोल्ट आवळला की टोकाकडे रॅक दाटतो. “सरळ बरी चलतली, वळणार जड व्हतली.” आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, ते घाटात जिवावर बेतणारं. फोंडा घाटात किंवा करूळला असं स्टेअरिंग हातात असलेलं मला तरी नको. शिवाय माझी ढिलाई होती एंडमध्ये. बोल्ट कितीही आवळला असता तरी ती तशीच राहिली असती.

बदललं काय? डावा रॅक एंड, डावं बूट क्लिपांसकट, उजवी लिंक आणि टाय रॉड एंड दोन्ही बाजूंचे. उजवा एंड अजून वर्षभर चालेल असं ते म्हणत होते, पण मीच बदलायला लावला. एंड बदलला की अलाइनमेंट करावीच लागते, आणि त्यासाठी कुडाळला जायचं. उजव्यासाठी पुन्हा कशाला खेप आणि पुन्हा पैसे? हे त्यांना पटलं.

सामान त्यांच्याकडे ठेवलेलं नसतं. कुडाळात मिळालं तर त्याच दिवशी, नाहीतर कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने. माझा रॅक एंड कोल्हापूरहून आला, त्यात एक दिवस गेला आणि वेंगुर्ल्याची एक ऑर्डर पुढे ढकलावी लागली. दोन कंपन्यांचे एंड समोर ठेवतात, स्वस्तातला आणि महागातला, आणि कुठला का ते सांगतात. मी महागातला घेतला. बाकावर जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवला होता. जुन्याचा दांडा उभा धरला तर आपल्याच वजनाने कलंडत होता, नव्याचा दांडा दोन्ही अंगठे लावून जोर केला तेव्हा कुठे जरासा सरकला.

काम करताना मी उभी राहून बघितलं, कुणी हटकलं नाही. जुना एंड काढायच्या आधी चेक नटवर (एंड जागेवर घट्ट धरणारा नट) पांढऱ्या रंगाची खूण केली आणि एंड किती आटे फिरवून निघाला ते पोराकडून मोजून घेतलं, म्हणजे नवा तितकाच आत जाईल आणि कुडाळपर्यंत गाडी सरळ जाईल. एंड नकलमधून सुटेना तेव्हा पुलर (सांधा ओढून सोडवायचं हत्यार) लावला. हातोडी मारली ती नकलच्या कानाला बाजूने, आट्यांच्या टोकावर नाही. खाचांचा नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळेना, तर पोरगा नट किंचित मागे घ्यायला लागला. त्याला असा आवाज दिला की मीच दचकले. नट मागे घ्यायचा नाही, पुढची खाच येईपर्यंत अजून आवळायचा. आणि पिन नवीनच, जुनी सरळ करून घालायची नाही. दोन-पाच रुपयांची पिन, पण ती तुटून नट निघाला तर चाक आपल्या मर्जीने वळेल. रॅकचा दांडा पुसून, बारीक पॉलिश पेपरने गंज काढून, ग्रीस लावून मगच बूट चढवलं.

बिल सामान धरून साडेचार हजारांच्या आत. मजुरी नऊशे. वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं बिल, जीएसटी वगैरे काही नाही, ज्यांना ऑफिसात बिल लावायचं असेल त्यांच्या उपयोगाचं नाही. रेंज असली तर यूपीआय चालतं, रेंज बहुधा नसते. जुने भाग पिशवीत घालून देतात, न मागता.

अलाइनमेंट कुडाळात केली, तिथला अनुभव मध्यम. मशीन नवीन, मुलं घाईत. बाहेर आले तर गाडी सरळ चालते पण स्टेअरिंग डावीकडे कललेलं. परत फिरवून करून घेतलं. आधी स्टेअरिंग सरळ लॉक करायचं आणि मग दोन्ही बाजूंचे रॉड जुळवायचे, एकाच बाजूने ओढाताण केली की असं होतं. पैसे द्यायच्या आधी हायवेवर एक चक्कर मारून या, लाजू नका. आणि भाग झिजलेले असताना नुसती अलाइनमेंट करून घेऊ नका. मशीनवर आकडे हिरवे दिसतात, पहिल्या खड्ड्याला पुन्हा जैसे थे.

मेस्त्रींकडे काय होत नाही तेही सांगते. स्कॅनर नाही. स्टेअरिंगचा दिवा लागला असेल, पॉवर मधेच जात असेल, तर “ह्यां आमचां काम न्हय” म्हणून सरळ परत पाठवतात. जुन्या गाड्यांचं तेलावर चालणारं पॉवर स्टेअरिंग गळत असेल तर तेही घेत नाहीत. वॉरंटीतली गाडी तर नेऊच नका. बायकांसाठी एक गोष्ट: गॅरेजात सोय नाही, पण मागेच त्यांचं घर आहे, काकींना विचारलं तर नाही म्हणत नाहीत, वर सोलकढी मिळते. आणि बोलताना माझ्याशीच बोलतात, ‘साहेबांना फोन लावा’ असं कुणी म्हटलं नाही. हे लिहावं लागतं म्हणजे बाकी ठिकाणी काय चालतं ते समजून घ्या.

आता गाडी हायवेला एका हातात सरळ राहते, तरी मी दोन्ही हात ठेवते ते वेगळं. हाताला लागणारा आवाज पूर्ण गेला. पूर्ण उजवीकडे वळवताना उभ्या गाडीत एक बारीक टण्ण अजून येतो. तो शॉकअपच्या वरच्या बेअरिंगचा आहे, स्प्रिंग अडकून सुटते त्याचा, हे मेस्त्रींनी आधीच सांगितलं होतं आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले. माझ्याकडून पाचात चार. एक गुण फोनचा कापला.

जायचं तर मे संपायच्या आत जा, खड्डा कोरडा असतो आणि पावसाआधी बुटं बघून होतात. चतुर्थीच्या आधीचा पंधरवडा टाळा, सगळ्या गावाला तेव्हाच गाडीचे आवाज ऐकू यायला लागतात. चतुर्थीत गॅरेज बंद. नंतरचा आठवडाही टाळा, तेव्हा हायवेने आलेल्या मुंबईकरांच्या गाड्या बिनचाकांच्या जीपच्या मागे रांग लावून उभ्या असतात, आणि त्यांना परत जायची घाई असल्यामुळे मेस्त्री त्यांचंच काम आधी घेतात.